आजोबांच्या हत्यारांवरचा गंज: किती काढायचा आणि कशाने

वडोदऱ्याच्या समा भागात राहणाऱ्या एका ताईंनी विचारलंय. त्यांचे आजोबा कलाभवन या तंत्रशाळेत सुतारकाम शिकले आणि आयुष्यभर त्यावरच घर चालवलं. त्यांची हत्यारांची सागवानी पेटी तळमजल्यावर होती. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी घरात शिरलं तेव्हा ती बुडाली. नंतर घर सावरण्याच्या गडबडीत पेटी तशीच राहून गेली. आता उघडली तर आत सगळं लाल: एक लोखंडी रंधा, पाच-सहा पटाशा, एक विंधणं (खोल खाच पाडायची जाड पटाशी), दोन करवती, गुण्या (काटकोन तपासायचा), स्टीलची पट्टी, कानशी आणि एक जड बेंच व्हाइस (टेबलावर बसवायचा शिकंजा), ज्याचा स्क्रू हलत नाही. भंगारवाला किलोच्या भावाने मागतोय. शेजारी म्हणतात, संडास साफ करायच्या अ‍ॅसिडमध्ये टाका, तासाभरात चकाचक होईल. ताई विचारतात, यातलं काय वाचेल, आणि घरच्या घरी करता येईल का?

ताई, जवळजवळ सगळं वाचेल आणि सगळं घरी करता येईल. पण आधी भंगारवाल्याला परत पाठवा, आणि ते अ‍ॅसिड हत्यारांच्या आसपासही नेऊ नका.

अ‍ॅसिडला नाही म्हणण्याची कारणं सांगतो, कारण हा सल्ला वडोदऱ्यात घरोघरी मिळतो. संडासाच्या क्लिनरमध्ये हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं. ते गंज खातं, पण गंज संपला की थांबत नाही, खालचं चांगलं पोलादही खात सुटतं. त्यातलं क्लोराइड गंजाच्या खड्ड्यांत बसून राहतं. वरवर धुतलं तरी निघत नाही, आणि पंधरा दिवसांत त्याच खड्ड्यांतून गंज पुन्हा वर येतो. तिसरी गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही. अ‍ॅसिडची लोखंडाशी क्रिया होताना हायड्रोजन सुटतो, तो कडक केलेल्या पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ होतं. करवतीचा दात किंवा पटाशीची धार अशी ठिसूळ झाली, की पुढे कधीतरी काम करताना तुकडा उडतो. शिवाय त्याची वाफ घरात पसरते आणि कपाटातल्या शिलाई मशीनपासून किल्ल्यांपर्यंत सगळ्याला गंज चढवते. कुणी त्यात ब्लीच मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो. तेव्हा हा विषय इथेच संपवू.

मकरपुऱ्याच्या टूलरूममध्ये शिकायला येणाऱ्या मुलांना मी पहिल्या दिवशी एकच विचारतो: या वस्तूची काम करणारी बाजू कोणती? पटाशीत ती धार आणि पाठीचा, म्हणजे सपाट बाजूचा, पुढचा भाग. रंध्यात पातं आणि तळ. गुण्यात आतली-बाहेरची कड. व्हाइसमध्ये आटे, सरकणारे भाग आणि जबडे. तेवढीच बाजू स्वच्छ, सपाट आणि गंजमुक्त लागते. बाकीच्या अंगावरचा गंज फक्त थांबवायचा असतो, चकाकी आणायची नसते. जुनी हत्यारं गंजाने जितकी खराब होतात, त्याहून जास्त गंज काढणाऱ्यांच्या हातून होतात. कुणी ग्राइंडर लावतो, कुणी पॉलिश पेपरने घासघासून कोपरे गोल करतो, कुणी कंपनीचा ठसाच पुसून टाकतो. गंजाने खाल्लेलं लोखंड परत येत नाही, हे खरं. पण आपण घासून घालवलेलंही येत नाही.

गंजातही फरक ओळखायला शिका. बोटाला लागतो तो लाल-नारिंगी, भुकटीसारखा गंज चालू असतो. तो सच्छिद्र असतो, हवेतला ओलावा धरून ठेवतो, म्हणून त्याच्या खाली गंजणं चालूच राहतं. त्याला घालवलंच पाहिजे. याउलट जुन्या हत्यारावर एक काळपट, घट्ट बसलेला, किंचित चमक असलेला थर असतो. तोही लोखंडाचा ऑक्साइडच आहे, पण दाट, आणि खालच्या धातूला बऱ्यापैकी सांभाळतो. वर्षानुवर्षं हाताळलेल्या, तेल पुसलेल्या हत्यारावर तो हळूहळू तयार होतो. आजोबांच्या हातांनी तयार झालेला तो काळा थर काम न करणाऱ्या बाजूंवर तसाच राहू द्या. तिसरा प्रकार पापुद्र्यांचा. पुरानंतर इतके महिने बंद राहिलेल्या पेटीत तो सापडणारच. पापुद्रा निघाला की खाली खड्डे दिसतात. खड्डे कुठल्याही रसायनाने भरून येत नाहीत. ते काम करणाऱ्या बाजूवर आहेत की दुसरीकडे, एवढंच बघायचं.

सुरुवात पाण्याने करायची. गंजलेल्या वस्तूला परत पाणी म्हटल्यावर लोक दचकतात. पण पुराचा गाळ नुसती माती नसते. त्यात गटाराचं पाणी, क्षार, साबण, काय काय असतं, आणि वाळलेला गाळ दमट हवेत ओलावा खेचतो. तो अंगावर ठेवून तेल चोपडलं तर तेलाखाली गंज चालूच राहतो. म्हणून नळाखाली जुन्या नायलॉनच्या ब्रशने प्रत्येक वस्तू धुवा, सांधे-भोकं सगळं. हातात रबरी मोजे घाला. त्याआधी जे सुटं होईल ते सुटं करा, आणि सुटं करताना मोबाईलवर फोटो काढत जा. रंध्याच्या पात्यावरची दाबपट्टी कुठल्या बाजूने बसते, हे चार दिवसांनी आठवत नाही.

लाकडी मुठी पाण्यात किंवा कुठल्याही द्रावणात बुडवू नका. लाकडातलं टॅनिन आणि गंजातलं लोखंड ओल्यात भेटले की काळा डाग पडतो आणि तो लाकडात खोल जातो. पूर्वी हिरडा आणि लोखंड वापरून शाई करत, ती याच क्रियेने. पटाशीची मूठ सैल असेल तर काढून घ्या. घट्ट असेल तर ओढाताण करू नका, फक्त पातं द्रावणात उभं राहील अशी व्यवस्था करा.

आता खरं काम. पटाशा, विंधणं, रंध्याचं पातं आणि दाबपट्टी यांच्यासाठी मी लिंबूफूल वापरतो, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, फरसाणात घालतात तेच. किराणा दुकानात सहज मिळतं. साधी पद्धत अशी: एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूफूल विरघळवायचं आणि वस्तू पूर्ण बुडेल असं भांडं घ्यायचं, प्लास्टिकचं किंवा काचेचं. पूर्ण बुडेल यावर माझा जोर आहे. अर्धी वस्तू बाहेर राहिली तर पाण्याच्या पातळीवर पोलादावर एक रेघ खोदली जाते आणि ती कायमची राहते. मूठ न निघालेल्या पटाशीला हा धोका आहेच. तिथे पातळी पात्याच्या मानेजवळ, धारेपासून लांब ठेवा आणि वेळ कमी द्या.

साध्या द्रावणाचा दोष असा, की तेही थोडंफार चांगलं पोलाद खातं आणि पृष्ठभाग मंद करडा होतो. जपायची वस्तू असेल तर मी त्यात धुण्याचा सोडा घालतो. एक लिटर पाण्यात १०० ग्रॅम लिंबूफूल, मग ४० ग्रॅम धुण्याचा सोडा थोडा थोडा करत, आणि शेवटी भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब. सोडा घातला की जोरात फेस येतो, त्यामुळे भांडं मोठं घ्या आणि घाई करू नका. यात अ‍ॅसिडचा तिखटपणा उतरतो, पण गंजातलं लोखंड पकडून पाण्यात ओढायची सायट्रेटची ताकद राहते. गंज सुटतो आणि पोलादाला फार कमी झळ लागते. साबणामुळे राहिलेला तेलकटपणा सुटतो आणि द्रावण खाचेत पोहोचतं. खाण्याचा सोडा आणि धुण्याचा सोडा एक नाहीत, हे माप धुण्याच्या सोड्याचं आहे.

अर्ध्या-अर्ध्या तासाने वस्तू बाहेर काढा, ब्रशने घासा, परत टाका. हलका गंज दीड-दोन तासांत सुटतो, पापुद्र्यांचा असेल तर सहा-आठ तास लागतात. रात्रभर टाकून झोपायची सवय लावू नका. गंज गेला की वस्तू बाहेर, एवढाच नियम. वर एक काळी काजळी राहते, बोटाने पुसली तर जाते. ती गंज नाही, पोलादातला कार्बन आहे. तारेच्या बारीक लोकरीने किंवा भांडी घासायच्या हिरव्या घासणीने हलक्या हाताने काढा. पितळी भाग मात्र लोखंडाबरोबर एकाच भांड्यात घालू नका. अ‍ॅसिडमध्ये पितळेतलं जस्त आधी जातं, पितळ गुलाबी पडतं, आणि लोखंडावर तांब्याची पुटं चढतात.

याच वेळी एक पाहायला विसरू नका. रंध्याचं पातं द्रावणातून बाहेर काढून धुतलं की उजेडात तिरकं धरा. जुन्या चांगल्या पात्यावर धारेच्या मागे, पाठीच्या बाजूला, दोन रंगांची सीमा दिसते: पुढे गडद करडा पट्टा, मागे फिकट. ते पातं दोन धातूंचं असतं. मऊ लोखंडाच्या पट्टीवर पुढे कडक पोलादाची पातळ पट्टी भट्टीत घणाने ठोकून एकजीव केलेली असते. अ‍ॅसिड कडक पोलादाला जास्त गडद करतं, म्हणून ती सीमा उघडी पडते. असं पातं आपल्याकडे आज सहसा मिळत नाही. तो गडद पट्टा जेवढा लांब उरलाय तेवढं पात्याचं आयुष्य उरलंय, असं समजा.

त्यावर ठसाही असेल. कलाभवन १८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी काढलं. आज त्याच जागेवर महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान शाखा आहे. त्या काळात आपल्याकडे चांगली हत्यारं विलायतेहून यायची, विशेषतः शेफिल्डची. आजोबांच्या पटाशांवर ते नाव निघालं तर नवल नाही. ठशाखाली ‘कास्ट स्टील’ असं कोरलेलं दिसलं तर बिडाचं समजून बाजूला टाकू नका. बीड आणि ते वेगळे. मुशीत वितळवून केलेल्या उत्तम पोलादाला तेव्हा हे नाव होतं, आणि धार धरण्यात ते आजच्या बाजारू पटाशीला हार जात नाही. ठशाच्या जागी पॉलिश पेपर लावूच नका. द्रावण आणि ब्रश, बस.

धारेचं काम यानंतर येतं. धार म्हणजे दोन पृष्ठभाग जिथे भेटतात ती रेघ, त्यामुळे पाठीवरचा एक खड्डा रेघेपर्यंत आला की तिथे धारेला दातरा पडणारच. पटाशीची पाठ पुढच्या बोटभर लांबीत सपाट आणि बिनखड्ड्यांची झाली पाहिजे. काचेच्या जाड तुकड्यावर २२० नंबरचा पॉलिश पेपर पाण्याने चिकटवून, पाठ सपाट दाबून, मागेपुढे घासा. मग ४००, ८००, १००० असं चढत जा. मधे मधे पाहात राहा. करड्या भागात काळे ठिपके उरलेले दिसतात, ते खड्डे. ते धारेजवळून गेले की थांबा, मागचे राहू द्या. खड्डे फारच खोल असतील तर धारच दोन-तीन मिलिमीटर मागे घ्यावी लागते. ते काम हाताने, पाण्यात बुडवत, संथपणे करायचं.

इथे ग्राइंडरचा मोह होतो, म्हणून सांगतो. कार्बन पोलाद तापलं की त्याचा कडकपणा रंगातून दिसतो. साधारण २३० अंशाला पिवळसर छटा येते, ३०० च्या आसपास निळी. धार निळी झाली म्हणजे ती मऊ झाली. ती कितीही पाजळली तरी लाकडाला दोन हात लागताच वळणार. शुक्रवारी बाजारात जुन्या पटाशा ग्राइंडरखाली चकचकीत करून मांडलेल्या असतात. त्यातल्या धारेला निळसर-जांभळी झाक असलेली घेऊ नका, स्वस्त असली तरी.

रंध्याचा तळ बिडाचा असतो. तो लिंबूफुलात जास्त वेळ ठेवला की काळाकुट्ट होतो, कारण बिडातलं लोखंड खाल्लं जातं आणि ग्राफाइट वर उरतं. म्हणून तासाभरापेक्षा जास्त नको. काळा पडलाच तर काचेवरच्या पेपरवर चार हात फिरवले की पुरे. तळ आरशासारखा करण्याच्या नादात तोंडाजवळची कड खाल्ली जाते, आणि रंधा मग सालपट ओढायच्या ऐवजी लाकूड उपसतो.

करवती बुडवू नका, त्या पातळ आणि कडक असतात. टेबलावर सपाट ठेवा, डिझेल शिंपडा, लाकडी ठोकळ्याला ३२० चा पेपर गुंडाळा आणि दातांच्या दिशेला समांतर घासा. चिकटलेला गंज दाढीच्या पात्याने, अगदी तिरकं धरून, खरवडला की पोलाद ओरखडत नाही. पाठीकडून दातांकडे हात नेताना सांभाळून.

गुण्या आणि स्टीलची पट्टी यांना कुठलंच अ‍ॅसिड नको. त्यावरचे आकडे आणि रेघा बारीक खोदलेल्या असतात, त्यांच्या कडा खाल्ल्या की माप वाचता येत नाही. मशीनचं तेल लावून रात्रभर ठेवा, सकाळी दाढीच्या पात्याने खरवडा, हिरव्या घासणीने पुसा. डाग राहिले तर राहू द्या. गुण्या काटकोनात आहे का, हे मात्र तपासा. सरळ फळीच्या कडेला गुण्या टेकवून एक रेघ ओढा, गुण्या उलटा करा, त्याच बिंदूतून दुसरी रेघ ओढा. दोन्ही एकावर एक बसल्या तर गुण्या खरा. पुराने लाकडी दांडा फुगला असेल तर काटकोन बिघडलेला असतो. तसं झालं असेल तर लाकूड पूर्ण वाळेपर्यंत त्याबद्दल काही ठरवू नका.

कानशी मात्र अ‍ॅसिडमुळे उलट सुधारतात. दात बोथट झालेले असतात, अ‍ॅसिड दोन्ही बाजूंनी खातं आणि टोक थोडं तीक्ष्ण होतं. आधी तारेच्या ब्रशने खाचेतली घाण काढा, मग साध्या लिंबूफुलाच्या द्रावणात रात्रभर. लिंबूफुलात रात्रभर ठेवायला सांगतोय ती ही एकच वस्तू. नंतर वापरताना खाचांत खडू चोळा, म्हणजे धातूचा कीस अडकत नाही.

आता व्हाइस. फिरत नाही म्हणून त्याला दांडीवर पाइप चढवून जोर देऊ नका, आणि घण तर मुळीच घालू नका. बीड दाब सोसतं, पण फटका बसला की तडकतं. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे आट्यांच्या फटीत तो फुगून बसलेला असतो. त्याला भिजवून आणि हलवून सोडवायचं. अ‍ॅसिटोन आणि गाडीच्या ऑटोमॅटिक गिअरचं तेल निम्मं-निम्मं मिसळलं तर ते बारीक फटीत सर्वांत छान शिरतं. बाजारातला फवारा किंवा नुसतं डिझेलही चालतं, फक्त वेळ जास्त लागतो. दिवसातून दोनदा थोडं थोडं सोडा, लाकडी हातोडीने स्क्रूच्या डोक्यावर आणि भोवती टिचक्या मारा, आठवडाभर. मग फिरवताना आधी किंचित आवळायच्या दिशेने जोर द्या, नंतर सोडायच्या. त्याने गंजाची पकड तुटते. थोडासा हलला की लगेच पूर्ण सोडवू नका. पुढे-मागे करत, तेल घालत, बाहेर आणा. नट अडकलेला असेल तर हीटगनने नट तापवा, बोल्ट नव्हे, कारण नट प्रसरण पावून सैल व्हायला हवा. हीटगन लावायची ती अ‍ॅसिटोन उडून गेल्यावर आणि तेल पुसल्यावरच. अ‍ॅसिटोनच्या आसपास आग नको.

व्हाइसवरचा जुना रंग कोरडा घासू नका. त्या काळच्या रंगांत शिसं असायचं, त्याची धूळ मुलं असलेल्या घरात उडायला नको. ओला करून खरवडा, कचरा कागदात गुंडाळून टाका.

सुटा झालेला व्हाइस, त्याचा स्क्रू, जबडे यांच्यासाठी दोन रस्ते आहेत. घाई नसेल तर काकवी. एक भाग काकवी, नऊ भाग पाणी, झाकण असलेल्या प्लास्टिकच्या पिंपात एक ते तीन आठवडे. वास येतो, फेस येतो, म्हणून गच्चीवर ठेवा. पण चांगल्या लोखंडाला जवळजवळ धक्का लागत नाही, आणि जिथे ब्रश पोहोचत नाही तिथला गंजही सुटतो. दुसरा रस्ता विजेचा. प्लास्टिकच्या बादलीत लिटरमागे एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा गाडीच्या बॅटरीचा चार्जर, आणि भंगारातल्या साध्या लोखंडी सळया. लाल वायर सळयांना, काळी वायर कामाच्या वस्तूला. उलटं झालं तर आजोबांचा व्हाइस विरघळायला लागेल, म्हणून हे भिंतीवर लिहून ठेवा. वस्तू आणि सळई एकमेकांना चिकटू नयेत. सळया चारही बाजूंनी लावा, कारण सळईसमोरचा भाग आधी स्वच्छ होतो. नव्या पद्धतीचे चार्जर समोर बॅटरी दिसल्याशिवाय चालू होत नाहीत, तेव्हा जुना, साधा चार्जर शोधा.

यात तीन गोष्टींना सक्त मनाई. स्टेनलेस स्टीलची पट्टी सळईच्या जागी लावू नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. जस्त चढवलेला पत्राही नको. आणि सोड्याऐवजी मीठ नको, क्लोरीन सुटतं. बुडबुडे हायड्रोजनचे असतात, तेव्हा उघड्यावर करा, आसपास उदबत्तीसुद्धा नको, आणि पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढा. पटाशा आणि करवती या बादलीत नकोत, कडक पोलादात हायड्रोजन शिरण्याचा धोका इथेही आहे. व्हाइसला ती भीती नाही.

कुठल्याही पद्धतीने गंज काढला, की पुढचा पाव तास सगळ्यात महत्त्वाचा. उघडं पडलेलं ओलं लोखंड बघता बघता पिवळसर होतं. म्हणून सगळी तयारी आधी करा. द्रावणातून काढलं की साध्या पाण्याने धुवा, अ‍ॅसिडचं द्रावण असेल तर चिमूटभर सोड्याच्या पाण्यात बुडवून काढा, मग शक्य तितक्या गरम पाण्यात बुडवा. गरम झालेलं लोखंड स्वतःच्या उष्णतेने वाळतं. फडक्याने पुसा, केस वाळवायच्या ड्रायरने भोकं आणि सांधे वाळवा, आणि हाताला कोमट लागतंय तोवर तेल लावा. बोटांचे ठसे राहू देऊ नका, घामातलं मीठ दुसऱ्याच दिवशी ठशाच्या आकाराचा गंज दाखवतं.

तेल शिलाई मशीनचं. खोबरेल, गोडेतेल, तूप यांपैकी काही नको. ती कालांतराने खवट किंवा चिकट होतात, धूळ धरतात, आणि पुढे काढायला अ‍ॅसिटोनच लागतो. लाकडी मुठींना जवसाचं तेल पातळ हाताने लावा. ते तेल पुसलेलं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. उघडं पसरून वाळवा, मग टाका.

पेटीचं लाकूड इतके दिवस भिजलेलं आणि बंद होतं. वरून कोरडं दिसलं तरी आतून दमट असतं, म्हणून निदान एक उन्हाळा ती उघडी, सावलीत, विटांवर ठेवा. तोवर हत्यारं वर्तमानपत्रात नव्हे, तेल पुसलेल्या सुती फडक्यात गुंडाळून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवा. वडोदऱ्यात जुलै-ऑगस्टमध्ये हवा इतकी दमट असते की जड लोखंड पहाटे थंड राहतं आणि त्यावर दव धरतं. व्हाइसवर हे हमखास दिसतं. पेटीत सिलिका जेलची पाकिटं ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की उन्हात किंवा तव्यावर मंद आचेवर वाळवून परत वापरा. कापराच्या वड्या ठेवायची सुतारांची जुनी सवय आहे. जरूर ठेवा, पण तेल लावून झाल्यावर, तेलाऐवजी नको.

खंडेनवमीला ही हत्यारं पुजाल, अशी माझी खात्री आहे. पूजा जरूर करा, फक्त हळदकुंकवाचा ओला टिळा मुठीवर लावा, पात्यावर नको, आणि झेंडूची फुलं दुसऱ्या दिवशी सकाळी उचला. पात्यावर रात्रभर बसलेल्या ओल्या पाकळीखाली पाकळीच्याच आकाराचा डाग उठलेला मी पुष्कळ कारखान्यांत पाहिला आहे. फुलं उचलल्यावर सगळ्या हत्यारांना तेलाचं फडकं फिरवा. दिवाळीआधीचा तो वार्षिक हात समजा, दुसरा हात मृगाच्या आधी.

आणि भंगारात काय द्यायचं तेही विचारलंत. बीड तडकलेलं असेल, म्हणजे व्हाइसच्या अंगाला किंवा रंध्याच्या तोंडाला आरपार चीर असेल, तर ती वस्तू कामाला लावू नका. पटाशीचं पातं मानेजवळ खोल खाऊन अर्धं झालं असेल तर ती जोरात मोडू शकते, तीही बाजूला काढा. करवत दातांच्या मुळांपर्यंत खड्ड्यांनी भरली असेल तर तिची पट्टी फेकू नका. ते चांगलं स्प्रिंग पोलाद आहे, त्यातून लाकूड गुळगुळीत करायच्या खरवडण्या छान कापून निघतात. बाकी सगळं धुऊन, वर सांगितलं तसं ज्याच्या त्याच्या पद्धतीने गंज काढा आणि कशावर काय निघतं ते पाहा. ठशांचे फोटो काढलेत तर पाठवा, कुठलं पातं किती पाजळायचं ते एकेक करून सांगेन.